पंचवीस डबे

लिंबोळ्या पिकून रस्त्यावर पडायला लागल्या की मला राग यायला लागतो. लोकांना या दिवसांत आमरस सुचतो, गच्चीवरच्या कुरडया आठवतात, कुणाला मामाचं गाव आठवतं. माझ्या चपलेखाली लिंबोळी पिचकली आणि तो गोडसर कडवट वास नाकात गेला की माझी कानशिलं तापतात. आता सोलापुरात मे-जूनमध्ये कानशिलं तापायला वेगळं कारण लागत नाही म्हणा. दुपारी दोनला आमच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू असतात, तेवढाच काय तो आवाज. पण माझा ताप वेगळा आहे. तो निकालाच्या मोसमाचा ताप आहे आणि गेली कित्येक वर्षं न चुकता येतो.

यंदा तर कहर झाला. आमच्या समाजाच्या मंडळात मी आठ वर्षं गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची यादी करते आणि समारंभात ती माइकवरून वाचते. शाळेत गणित शिकवते, आवाज खणखणीत आहे, मराठी शुद्ध बोलते, म्हणून माइक माझ्याकडं. यंदा मी ऐन वेळी गेलेच नाही. मंडळी नाराज आहेत. अध्यक्षकाकांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी नव्हती का टीचर. तब्येत उत्तम होती. काय झालं होतं ते सांगायला वीस वर्षं मागं जावं लागलं असतं, आणि काकांना तेवढा वेळ नसतो. म्हणून त्यांना 'व्हय' म्हटलं आणि फोन ठेवला.

निकाल लागला की आमच्याकडं पोराला नाव उरत नाही. किराणावाला साखर तोलता तोलता विचारतो, किती पडले. नळावर विचारतात, गिरणीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत वाढणारा पळी हवेत धरून विचारतो. सांगितलेला आकडा ऐकून माणसं अर्धा क्षण थांबतात. त्या अर्ध्या क्षणात ती आपापल्या भाच्याचा, पुतणीचा, शेजारच्या पोराचा आकडा आठवत असतात. मग 'बरं हायत की' असं म्हणतात. त्या 'बरं'मध्ये सगळं येतं. मी स्वतः शिक्षिका असून सांगते, या शहरात लेकरांना जेवढं परीक्षेनं छळलं नाही तेवढं या 'बरं हायत की'नं छळलंय.

माझा बारावीचा निकाल लागला तो नेमका नळाचा दिवस होता. पाणी तेव्हाही चार-पाच दिवसांआड यायचं, त्यामुळं अम्माला निकालापेक्षा पिंप भरायची घाई. मी चौकातल्या नेट कॅफेत रांगेत उभी राहून निकालाचा कागद घेतला. सहाशेपैकी पाचशे तीन. घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. दारात पाईप, घागरी, कळशा, चिखल. अम्मानं ओल्या हातानं कागद धरला आणि शाई पसरली. नायना, म्हणजे माझे वडील, रात्रपाळी करून आलेले, उंबऱ्यावर चहा पीत बसले होते. टॉवेलच्या कारखान्यात मागावर असायचे ते. भुवयांवर सुताचा पांढरा भुसा नेहमीचाच. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"चांगले हायत न्हवं?" त्यांनी विचारलं.

घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण मार्क, टक्के, फॉर्म यांची भाषा आमच्या घरातसुद्धा मराठीच. आणि नायनांचा तो प्रश्न खरा प्रश्न होता. कौतुकानं विचारलेला नव्हता. पाचशे तीन चांगले की वाईट, हे ठरवायचं माप आमच्या घरात नव्हतंच. नायना चौथी, अम्मा कधी शाळेत गेली नाही, दादा नववीत सोडून मागावर. टॉवेल दाखवा, नायना नुसत्या बोटांनी सांगतील किती वजनाचा आहे आणि कुठं धागा तुटलाय. मार्कांना बोटं लावून कळत नाही.

आणि मला तर ते कळायलाच हवं होतं, कारण कपाटावर एक खाकी पाकीट होतं. आमच्या गणिताच्या बाईंनी हैदराबादच्या एका विद्यापीठाबद्दल सांगितलं होतं. बारावीनंतर पाच वर्षं गणित शिकायचं, तिथंच राहायचं. फॉर्म टपालानं मागवायचा. मी मागवला होता. पाकीट आलं त्या दिवशी गल्लीतल्या चार बायका बघायला आल्या होत्या, की हिला सरकारचं काय आलंय. फॉर्ममध्ये लिहिलं होतं, किमान साठ टक्के, निवड गुणानुक्रमे. मी सगळा फॉर्म आधी पेन्सिलीनं भरला होता. फोटो चिकटवला होता. निकालाचे आकडे तेवढे भरायचे राहिले होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण लोक ऐकायच्या आधीच डोकं हलवतात. नायनांची ना नव्हती. मुलगी आहे, लांब कशाला, असं आमच्या घरात कुणी म्हणालं नाही. हैदराबाद आम्हाला परकं नाही, वरंगळला आत्या, तिकडं सोयरीक, येणंजाणं. नायना म्हणाले होते, मार्क पुरले तर जा बिड्डा. बिड्डा म्हणजे लेकरा. सगळं अडलं होतं ते त्या 'पुरले तर'वर. आणि पुरले की नाही हे सांगणारा एकच दरवाजा नायनांना ठाऊक होता. समाजाच्या हॉलचा.

तिथं दरवर्षी जूनमध्ये सत्कार व्हायचा. अजून होतो. गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र, एक भेटवस्तू (त्या वर्षी स्टीलचा डबा), आणि पुढच्या रांगेत आईबापांना खुर्ची. आठवडाभर आधी हॉलच्या बाहेर फळ्यावर खडूनं लिहायचे की यंदा अमुक टक्क्यांच्या पुढच्यांचा सत्कार होणार. नायनांनी तो फळा वाचायला जायचं म्हणून आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. सायकलवर गेले. मी दारात उभी होते. कडुलिंबाखालून गेले ते मला आठवतं, कारण चाकाखाली लिंबोळ्या फुटल्याचा बारीक आवाज आला होता. अर्ध्या तासात परत आले. सायकल भिंतीला लावली, शर्ट काढला, खुंटीला अडकवला. मग म्हणाले, पंच्याऐंशी लागतात बिड्डा.

कुठं लागतात, हे मी विचारलं नाही. बोंब तिथंच आहे. मला आज चाबूक घेऊन त्या दारातल्या पोरीला विचारावंसं वाटतं, अगं भवाने, कुठं लागतात? हॉलात पंच्याऐंशी लागतात, स्टीलच्या डब्याला पंच्याऐंशी लागतात. फॉर्मवर तर साठ लिहिलंय, तुझ्याच हातात आहे, वाच की. पण मी वाचला नाही. नायना म्हणाले, "आपल्या हॉलात बसंना, तितं कुटं बसणार?" आणि मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, बरोबर वाटलं. गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव पडलेल्या पोरीला हा हिशेब बरोबर वाटला. आपली माणसं, आपल्या ओळखीची, आपल्याच लेकरांचं कौतुक करायला बसलेली, त्यांना जर आपण पुरत नसू, तर परक्या शहरातल्या परक्या मास्तरांना कुठून पुरणार? घरचं माप मोठं असतं असंच आम्ही धरून चाललो होतो.

एकटी अम्मा काहीतरी बोलली होती. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापायचं, भरायचं, दोरा गुंडाळायचा. कारखान्यात विड्या देताना तपासणारा चार मुठी बाजूला काढायचा, खराब म्हणून. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. अम्मानं सुपातून मान वर न करता म्हटलं, "छाट काढत्यात, पर फेकत न्हाईत. त्या बी इकत्यात. लोक वडत्यात." म्हणजे बाजूला काढणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, विडी चांगली असते, हे तिला रोजच्या अनुभवानं माहीत होतं. पण कुठं विड्या आणि कुठं विद्यापीठ, असं म्हणून आम्ही दोघं बापलेक हसलो. शहाणी तेवढी तीच होती त्या घरात. आता ती नाही, आणि मी तिला हे सांगितलंही नाही.

फॉर्मचं काय झालं, तेही सांगते. इथल्या कॉलेजचा प्रवेश घ्यायला गेले तर एक फोटो कमी पडला. स्टुडिओवाल्याला परत कोण पैसे देणार. मी खाकी पाकीट उघडलं, हैदराबादच्या फॉर्मवरचा फोटो नखानं सोलून काढला आणि इथल्या फॉर्मला चिकटवला. फोटोच्या मागं त्या फॉर्मच्या कागदाचा पापुद्रा निघून आला होता, तो तसाच राहिला. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झालं. माझं वाटोळं झालं असं कुणी समजू नये. माझं बरं चाललंय. 'बरं हायत की'मधलं बरं.

नंतर सहा-सात वर्षांनी मला मेहजबीन भेटली. ज्युनिअर कॉलेजात माझ्याच बाकावर बसायची. तिचे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. बारावीला तिला माझ्यापेक्षा बावीस मार्क कमी. बावीस. ईदच्या खरेदीच्या गर्दीत कापडाच्या दुकानात भेटली, हातात बाळ, डोळ्यांवर जाड चष्मा. हैदराबादला पाच वर्षं काढून आता बंगळूरला संशोधन करते म्हणाली. मी विचारलं, हैदराबादला कुठं? तर तेच विद्यापीठ. तोच फॉर्म. बाईंनी आम्हा दोघींना एकाच दिवशी पत्ता लिहून दिला होता, हे मी विसरून गेले होते. तिला वाटत होतं मी दुसरीकडं गेले असणार. मी फॉर्मच भरला नाही म्हटल्यावर तिनं बाळ या हातावरून त्या हातावर घेतलं आणि विचारलं, "कायकू नै भरी गे तू?"

काय सांगू? आमच्या हॉलात बसत नव्हते, म्हणून? तिच्या घरात सत्काराचा हॉलच नव्हता, त्यामुळं तिला मार्क कमी पडलेत हे कुणी सांगितलंच नाही. तिनं फॉर्म भरला, तिकडच्यांनी घेतली. मी म्हटलं, घरची अडचण होती. पहिल्यांदा त्या दिवशी घरी जाताना लिंबोळ्यांच्या वासानं डोक्यात तिडीक गेली. हे मी घरात कधी बोलले नाही. नायना तेव्हा थकले होते, ऐकू कमी यायचं, मागाच्या आवाजानं कान गेलेले. म्हटलं, कशाला.

इथपर्यंत मी बिचारी. आता पुढचं ऐका, कारण पुढं मी बिचारी नाही.

आठ वर्षांपूर्वी मंडळानं मला बोलावलं, शिकलेली बाई पाहिजे म्हणून. मला काय अभिमान. पहिल्या बैठकीला खजिनदारकाका आले. त्यांचं सुताचं दुकान आहे. ते म्हणाले, यंदा ट्रॉफ्या तीस मिळाल्यात, तिसावं पोरगं कुठं येतंय बघा टीचर. मी लॅपटॉपवर नावं मार्कांनुसार लावली, तिसाव्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, शहाऐंशी. सगळे म्हणाले, ठेवा शहाऐंशी. दोन मिनिटं लागली. त्यानंतर नाष्ट्याला उप्पीट करायचं की चुरमुरे भिजवून सुशीला, यावर पाऊण तास वाद झाला. मी सुशीलाच्या बाजूनं भांडले.

म्हणजे मी ते डोळ्यांनी बघितलं. अट कशी ठरते ते माझ्या बोटाखाली घडलं. वस्तू किती आल्या त्यावर ठरते. एखाद्याचं दुकान बरं चाललं तर चाळीस येतात, मंदी असली तर पंचवीस. लेकरांच्या अकलेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि मला राग आला नाही. हसूच आलं असेल. माझं आणि नायनांच्या फळ्याचं काही नातं आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि पुढची सात वर्षं बोट ठेवायचं काम मीच केलं. दरवर्षी एकतिसावं, एक्केचाळिसावं नाव मला दिसायचं, आणि मी लॅपटॉप बंद करायची. हातच्या काकणाला आरसा कशाला, माझ्याच हातानं हे झालंय.

यंदा ट्रॉफ्या चाळीस होत्या. चाळिसावं नाव अठ्ठ्याऐंशीला आलं. खाली बरीच नावं होती. त्यात श्रावणी होती, ब्याऐंशी टक्के आणि वर थोडं. माझ्या चुलतभावाची मुलगी. श्रीनिवासअण्णा माझ्याहून मोठा, रंगाच्या कारखान्यात सुताला रंग द्यायचं काम करतो, नखं कायमची निळी. श्रावणी माझ्याकडं गणित शिकायला यायची. डोकं असं की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत ती दुसऱ्या वाटेनं उत्तर काढून बसलेली, आणि परीक्षेत नेमकी ती दुसरी वाटच लिहिणार. मग मार्क कापले जाणार. बंगळूरला एका विद्यापीठात जायचं तिच्या मनात होतं. तिथं बारावीचे मार्क बघून काही पोरांना मुलाखतीला बोलावतात. साठ टक्क्यांची अट. फॉर्म रविवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. सत्कार त्याच रविवारी सकाळी दहाला.

शुक्रवारी संध्याकाळी मी सहज अण्णाकडं गेले. विचारलं, फॉर्म गेला का. श्रावणी उठून आत गेली. अण्णा कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होता. शेजारी नायना होते. आता ते बहुतेक वेळ अण्णाच्याच कट्ट्यावर असतात, आमच्या दादाचं घर लागूनच आहे. अण्णा म्हणाला, ग्रुपवर यादी आली की. तू तर केलीस. तिचं नाव न्हाय त्यात.

"आपल्या हॉलात बसंना, बंगळूरात कुटं बसणार, अरुणा?"

शब्दाला शब्द तोच. वीस वर्षांत फळ्याच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आलं, डब्याच्या जागी ट्रॉफी आली, नेट कॅफे जाऊन खिशात फोन आला, आणि वाक्य तेच. आणि यादी माझी. खाली माझं नाव, संकलन म्हणून. अण्णाला काहीतरी सांगायला गेले तर तो म्हणाला, तू टीचर आहेस, तुला पोरीचं वाईट वाटणार, पण उगाच आशा लावू नको. त्याला वाटलं मी दया दाखवतेय. माझी तोंडची गोष्ट त्याला पटणार नव्हती. मंडळाचा शब्द मंडळानंच खोडायला हवा होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मंडळाच्या कार्यालयात गेले. किल्ली माझ्याकडं असते. लोखंडी कपाटात जुन्या बैठकांच्या वह्या आहेत, लाल कापडाच्या बांधणीच्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या. पंखा गरम हवा फेकत होता. मी माझं वर्ष काढलं. कुणाचं तरी सुरेख वळणदार अक्षर. ठराव चौथा. 'यंदा भेटवस्तू म्हणून स्टीलचे डबे २५ नग प्राप्त झाले. सबब सत्कारासाठी किमान गुण ८५ टक्के ठेवण्याचे ठरले. मागील वर्षीची ७८ टक्क्यांची अट रद्द.'

सबब. हा एक शब्द मी किती वेळ वाचत बसले कुणास ठाऊक. डबे पंचवीस, सबब पंच्याऐंशी. आदल्या वर्षी अठ्ठ्याहत्तरला सत्कार झाला होता, कारण आदल्या वर्षी डबे जास्त होते. आणखी आठ-दहा डबे आले असते तर नायना हॉलात पुढच्या खुर्चीत बसले असते आणि मी हैदराबादला गेले असते. कुणी दुष्ट नव्हतं यात. कुणी माझ्या वाईटावर नव्हतं. याचाच मला जास्त राग येतो. दुष्ट माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. इथं पंचवीस डबे, त्यांच्याशी काय भांडणार? आणि डब्याचा हिशेब फळ्यावर लिहायला काय झालं होतं? 'डबे पंचवीसच आहेत' एवढे तीन शब्द खडूनं लिहायला किती खडू लागला असता? ते नाही लिहिलं. टक्के लिहिले. टक्के लिहिले की लोक त्याला अक्कल समजतात. मी कार्यालयात एकटीच मोठ्यानं शिव्या दिल्या. कधी नव्हे ते तेलुगूत दिल्या, बरं वाटलं.

रविवारी सकाळी साडेआठला ती वही आणि यंदाची वही पिशवीत घालून मी अण्णाच्या दारात. अंगावर समारंभाची साडी होतीच. अण्णाही निघायच्या तयारीत होता, खुर्च्या लावायला जायचं होतं त्याला. नायना कट्ट्यावर. मी अण्णाला बसवलं आणि ठराव वाचून दाखवला. मग यंदाची वही काढली, ती माझ्या अक्षरात. ट्रॉफी चाळीस, सबब अठ्ठ्याऐंशी. सबब मीसुद्धा लिहिलं होतं. नायनांना ऐकू यावं म्हणून मोठ्यानं वाचत नव्हते, पण माझा आवाजच तसला, गल्लीत जातो.

अण्णानं वही हातात घेतली. निळं नख ओळीखालून सरकवत सावकाश वाचली. दोनदा वाचली.

"म्हंजे हे वस्तूंवरनं ठरतंय?"

मी म्हटलं, व्हय. आठ वर्षं मीच ठरवतेय. श्रावणी पुरते की नाही हे तुला आमच्या हॉलातलं कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही. ज्यांना घ्यायचंय ते सांगतील, आणि त्यांनी सांगायला फॉर्म त्यांच्यापर्यंत जायला पाहिजे. नाही घेतलं तर त्यांनी नाही घेतलं. पण आपण दारातूनच पोरीला परत आणायचं नाही.

अण्णानं वही मिटली. मग म्हणाला, आता वेळ कुठाय, एवढा मोठा फॉर्म. तेवढ्यात आतून श्रावणी बाहेर आली. फोन हातात. तिनं सगळा फॉर्म दोन आठवड्यांपूर्वीच भरून ठेवला होता. फोटो, सही, गुणपत्रक, सगळं चढवलेलं. राहिला होता फक्त ओटीपी, कारण नंबर अण्णाचा. एवढ्यासाठी ती पोर पंधरा दिवस रोज बापाच्या तोंडाकडं बघत होती, आणि एक शब्द बोलली नव्हती. माझ्यासारखीच मूर्ख. तिलाही हॉलाचं माप खरं वाटलं होतं.

अण्णाच्या खिशात फोन वाजला. त्यानं चष्मा शोधला, सापडला नाही, फोन लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. चार. शून्य. नऊ. नऊ. सहा. एक. श्रावणी तसा दाबत गेली. मग तिनं मान वर केली आणि गेला म्हणाली. तिचं पुढं काय होणार, ते हे लिहिताना मला माहीत नाही. बंगळूरहून अजून काही आलेलं नाही. कदाचित ब्याऐंशी कमी पडतील. पडू देत. ते ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगू देत.

दहा वाजत आले होते. माझा फोन मंडळाकडून सारखा वाजत होता. हॉलात सरस्वतीच्या फोटोला हार घालून झाला असणार, माइक तपासून झाला असणार, पुढच्या रांगेत चाळीस आईबाप बसले असणार. मी उठले, वह्या पिशवीत घातल्या. खरं तर जाणार होते. तेवढ्यात नायनांनी माझ्या पदराला हात लावला. मला वाटलं होतं त्यांना यातलं काही ऐकू आलेलं नाही.

"बिड्डा," ते म्हणाले, "त्या डब्याच्या वर्षाला... तुझे पुरत हुते?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं किती वर्षं तयार होतं. मेहजबीनचं नाव होतं त्यात, बावीस मार्क होते, सोललेला फोटो होता. मनातल्या मनात मी ते उत्तर इतक्या वेळा इतक्या लोकांच्या तोंडावर फेकलं होतं, की आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. समोर नायना होते, ऐंशीच्या घरातले, खांद्यावर टॉवेल, भुवया आता भुशाशिवायच पांढऱ्या. 'कोण जाणे, नायना' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण 'कोण जाणे' म्हणून म्हणूनच तर आमचं हे असं झालं होतं.

"पुरत होते, नायना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खांद्यावरचा टॉवेल काढला, मांडीवर घेऊन त्याची नीट घडी घातली, कडेचा सुटलेला धागा बोटांनी चाचपला. मी पुन्हा त्यांच्या शेजारी बसले. फोन वाजत राहिला.

"आन् मी आंगूळ करून गेलतो की," ते म्हणाले, "त्यो फळा बगायला."